आईच्या नावे गावाकडे सव्वा लाख द्यायचे आहेत, कुठे द्यावेत?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई गेल्या, तेरवीचा खर्च आटोपता घेतला, आणि उरलेले सव्वा लाख रुपये त्यांच्या नावे गावाकडेच द्यायचं घरात ठरलं. गाव दारव्हा तालुक्यातलं. समोर चार पर्याय आहेत. गावाजवळची गोशाळा, आई ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकल्या तिला मोठा टीव्ही, चाळीसएक किलोमीटरवरची मतिमंद मुलांची निवासी शाळा, आणि गरजूंना किराणा वाटणारा तालुक्यातल्या पोरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. यातली खरी संस्था कोणती, असं तुम्ही विचारता. शिवाय अमेरिकेतला भाऊही यात पैसे घालणार म्हणतो, ते चालेल का, हेही विचारलंय.

माझं काम छोट्या विश्वस्त संस्थांचे हिशेब लिहायचं आणि ऑडिटला लावून द्यायचं, म्हणून त्याच बाजूने सांगतो. खरी की खोटी, एवढ्यावर थांबलात तर अर्धाच तपास होतो. निव्वळ बनावट संस्थेपेक्षा गावाकडे जास्त वेळा दिसतं ते असं की माणसं प्रामाणिक, काम खरं, आणि तरी देणगी वाया गेलेली. वस्तू येते, पाटी लागते, आणि दोन वर्षांत ती बंद पडते, कारण ती चालवायचा खर्च कुणी दिलेला नसतो. पांढरकवडा, वरोरा भागात पाण्यात फ्लोराइड, अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारं, म्हणून गावोगाव आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करणारी यंत्रं, बसवली गेली. त्याचा मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा मुख्य पडदा, साधारण दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो, मधले फिल्टर त्याहून लवकर. त्याची तजवीज नसेल तर यंत्र असूनही गाव पुन्हा बोअरचंच पाणी पितं. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी विचारा: इथं दर महिन्याला कोणता खर्च अडतो, आणि तो आज कोण भागवतं? या प्रश्नाला जिथं आकड्यात उत्तर मिळतं, तिथं तुमचे पैसे कामी येण्याची शक्यता जास्त.

दोन गोष्टी मात्र तुमच्यावर आहेत. वर्षातून एकदा तरी तिथं जाऊन यायला जमणार आहे का? आणि आईचं नाव दिसायला हवंय, की काम झालं म्हणजे पुरे? जाणं जमणार नसेल तर घराजवळच्या छोट्या संस्थेपेक्षा आनंदवन, हेमलकसा, शोधग्राम, अमरावतीचं तपोवन अशा जुन्या, घडी बसलेल्या कामांना देणं सोयीचं. तिथं पावती, हिशेब, पत्रव्यवहार यांची व्यवस्था लागलेली आहे. तुम्ही सव्वा तासावर राहता असं लिहिलंय, म्हणजे जाणं जमेल. मग छोट्या जागी द्या. मोठ्या संस्थेत सव्वा लाख एका ओळीत मावतात, छोट्या निवासी शाळेत तेवढ्यात पावसाळा निघतो.

आता कागद. संस्था ट्रस्ट असो की सोसायटी, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली तिची नोंद धर्मादाय कार्यालयात असायला हवी. लेटरहेडवर साधारण दोन क्रमांक दिसतात. एक १८६० च्या सोसायटी कायद्याखालचा, दुसरा विश्वस्त नोंदणीचा, जो बहुतेक 'एफ' किंवा 'ई' अक्षराने सुरू होतो आणि पुढे कंसात जिल्हा असतो. हा दुसरा क्रमांक घेऊन यवतमाळच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करा आणि नोंदवहीचा उतारा मागा. त्याला पी.टी.आर.चा, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा उतारा किंवा नुसतं शेड्युल वन म्हणतात. शुल्क भरून प्रमाणित नक्कल मिळते. त्यात विश्वस्तांची नावं आणि संस्थेची मालमत्ता असते. ही नावं आज संस्था चालवणाऱ्या माणसांशी ताडून पाहा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. कित्येक संस्थांत वीस वर्षांपूर्वीचीच नावं असतात, त्यातले दोघे वारलेले, आणि दोन गटांचे बदल अर्ज एकमेकांविरुद्ध पडून. अशा जागी उद्या कुणी बँकेला पत्र दिलं की खातं अडकतं आणि तुमचे पैसेही त्यातच. काम कितीही चांगलं असो, वाद मिटेपर्यंत पैसे देऊ नका.

दुसरा कागद ऑडिटचा. मागच्या तीन वर्षांचा मागा. त्यात ताळेबंद म्हणजे शेड्युल आठ, आणि उत्पन्न-खर्च पत्रक म्हणजे शेड्युल नऊ. लोक एकूण रक्कम बघून फाईल मिटवतात. तुम्ही त्याला जोडलेलं ऑडिटरचं प्रश्नोत्तराचं पान काढा, नियम १९ खालचं. सगळ्या फाईलमध्ये सगळ्यात कामाचं पान तेच. हिशेब नियमित ठेवले का, ऑडिटच्या दिवशी हातातली रोख आणि व्हाउचर हिशेबाशी जुळले का, संस्थेच्या उद्देशाबाहेर पैसा खर्च झाला का, एक वर्षाहून जुनी येणी किती, कुणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का, असे नेमके प्रश्न तिथं छापलेले असतात आणि समोर उत्तर. 'धनको आहे', म्हणजे विश्वस्ताचे पैसे संस्थेकडे येणं आहेत, एवढ्यानं घाबरू नका. अनुदान लांबलं की अध्यक्ष स्वतःच्या खिशातून पगार भागवतात, तेही तिथंच दिसतं. 'ऋणको आहे' असेल, म्हणजे संस्थेचे पैसे विश्वस्ताकडे अडकलेत, तर कारण विचाराच. आणि सगळ्या रकान्यांत नुसतं 'नाही', 'नाही', 'लागू नाही' अशी तीन वर्षं एकसारखी उत्तरं असतील, तर ते पान कुणी मन लावून भरलेलं नाही.

शेड्युल नऊमध्ये 'उद्देशावरील खर्च' ही ओळ शोधा. शिक्षण, वैद्यकीय, गरिबांना मदत अशी पोटकलमं असतात. एकूण खर्चात त्याचा वाटा बघा, पण पगार दिसला म्हणून नाक मुरडू नका. निवासी शाळेत रात्री मुलांजवळ झोपणारी काळजीवाहक बाई हेच तर काम आहे, तिचा पगार म्हणजे वायफळ खर्च नव्हे. ताळेबंदात ठेवी कुठं आहेत तेही वाचा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. जादा व्याजासाठी पैसा पतसंस्थेत ठेवणाऱ्या संस्थेकडे तुम्ही आईच्या नावे कायम ठेव ठेवायला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक लोक प्रमाणपत्रासारखा फ्रेम करून लावतात. ती फुकटातली नोंद आहे, कामाची हमी नाही.

आता एकेक पर्याय.

निवासी शाळा. तुमच्या चारांत मला हा पहिला वाटतो, अट एवढीच की ती दिव्यांग कल्याण विभागाच्या मान्यतेने चालत असावी. मान्यतेचा आदेश आणि मंजूर मुलांची संख्या मागा. शाळा अनुदानित असेल तर अनुदान कशाकशाला मिळतं ते विचारा, म्हणजे उरलेली भगदाडं आपोआप कळतील. इथं देणगीदार हमखास करतो ती चूक म्हणजे गोड जेवण. दिवाळी ते संक्रांत वाढदिवस, पुण्यतिथी, नेत्यांचे कार्यक्रम मिळून आठवड्याला तीन जेवणं येतात. कापसाचे चुकारे हाती आलेले असतात, धान्याचे कट्टे येतात. पोळ्याच्या सुमारास मात्र कोठी रिकामी असते. चाळीस मुलं धरली तर दिवसाला साधारण १२ किलो धान्य आणि अडीच किलो डाळ लागते. हा आकडा डोक्यात ठेवून किराण्याची बिलं बघा, खऱ्या-खोट्याचा अंदाज तिथंच येतो.

धान्याहून महत्त्वाचं औषध. मतिमंद मुलांमध्ये मिरगीचं प्रमाण बरंच असतं आणि त्याची गोळी रोज, ठरल्या वेळी द्यावी लागते. दोन दिवस खंड पडला की झटके येऊ शकतात. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात, पण साठा संपला की बाजारातून आणाव्या लागतात, आणि त्या दिवशी संस्थेकडे रोख असेलच असं नाही. म्हणून गेल्यावर औषधांची वही बघा. प्रत्येक मुलाचं नाव, सकाळ-संध्याकाळचे रकाने, देणाऱ्याची सही. वही आजच्या तारखेपर्यंत भरलेली असेल, आणि विचारल्यावर काळजीवाहक बाई अमक्याची गोळी जेवणानंतर, तमक्याची अर्धी, असं न बघता सांगत असेल, तर ती जागा चांगली. एकाच शाईने, एकाच हाताने महिनाभराच्या सह्या केलेल्या असतील तर ती वही तपासणीसाठी लिहिलीय. नंतर गाद्या बघा. कित्येक मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, म्हणून रेक्झिनचं कव्हर लागतं, आणि पावसाळ्यात वाळवायला शेड. हे मागायला संस्थेला संकोच वाटतो, पाहुण्यांना सुचत नाही.

न कळवता एकदम आत शिरू नका, मुलांचं घर आहे ते. पण 'या आठवड्यात कधीतरी येतो' एवढंच सांगून जेवणाच्या वेळी पोहोचा. मुलांचे फोटो काढू नका, खाऊ रांगेत उभं करून हातात देऊ नका. आणि एक गोष्ट या निमित्ताने: अनाथ किंवा निराधार मुलं ठेवणारं कुठलंही बालगृह बाल न्याय कायदा, २०१५ खाली नोंदलेलं असलंच पाहिजे आणि मुलं बाल कल्याण समितीमार्फत आलेली असली पाहिजेत. नोंदणी नसेल तर चालक कितीही देवमाणूस वाटो, पैसे देऊ नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा.

जिल्हा परिषद शाळा. टीव्ही घेण्याआधी मीटर बघा. वीजबिल थकून जोडणी तोडलेली असेल तर टीव्ही कपाटात जाईल. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का, टाकीपर्यंत पाइप आहे का, मोटर कुणी चोरू नये म्हणून लोखंडी पेटी आहे का, हे बघा. या दुरुस्त्या थोड्या पैशात होतात आणि टीव्हीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. पैसे शाळा व्यवस्थापन समितीमार्फतच द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि मुख्याध्यापक सचिव. आधी समितीचा ठराव, मग तिच्या खात्यावर चेक, मग पावती. वस्तू दिलीत तर ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढवून त्या नोंदीची नक्कल घ्या. मुख्याध्यापकांची बदली होते आणि नोंद नसलेली वस्तू कुणाचीच राहत नाही.

गोशाळा. श्रद्धेचा विषय आहे, म्हणून नुसता हिशेब मांडतो. गावठी गायीला दिवसाला पाचएक किलो वाळला चारा धरा. ८० जनावरांना ४ क्विंटल, वर्षाला १,४६० क्विंटल. उन्हाळ्यात पाणी जनावरामागे ४० लिटर, म्हणजे रोज ३,२०० लिटर. आता विचारा: एवढा चारा कुठून येतो? स्वतःचं वावर किती, कास्तकार कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, किती देतात, विकत किती घेता? उत्तर नीट आलं तर जनावरं खरोखर सांभाळली जातात. ८० जनावरं सांगितली आणि गंजी दोन बैलबंड्यांएवढी, तर काहीतरी चुकतंय. द्यायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, तुरी-हरभऱ्याचं कुटार निघतं तेव्हा, ट्रॉलीचे पैसे थेट विकणाऱ्याला द्या आणि संस्थेच्या नावे बिल घ्या. पावसाळ्यात भाव चढतो. शिवाय उघड्यावरचं कुटार भिजून बुरशी धरतं आणि ते खाऊन जनावर आजारी पडतं. त्यामुळे शेडवर टिनपत्रे आहेत का हे चाऱ्याआधी बघा. भाकड गायी आणि गोऱ्हे यांच्यापासून उत्पन्न जवळजवळ नाही, हा खर्च कायमचा आहे. एका वेळच्या मोठ्या देणगीपेक्षा दर हंगामाची एक ट्रॉली जास्त कामाची.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पोरं मनापासून करत असतील, शंका घेत नाही. पण नोंदणी नसलेल्यांना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करताना कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. त्यांचा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर कुणाचं नाव येतं ते वाचा. एकट्या माणसाचं नाव आलं तर पैसे त्याच्या घरखर्चात मिसळतात, त्याची नियत कितीही साफ असली तरी. पुरानंतर किंवा आगीत घर गेलेल्या कुटुंबाला तातडीची मदत म्हणून दोन-चार हजार अवश्य द्या. आईच्या नावचे पैसे तिथं नकोत.

करसवलत. तुमचं उत्पन्न फक्त शेतीचं असेल तर ८०-जीची, म्हणजे देणगीवर करसवलत देणाऱ्या कलमाची, चौकशी सोडून द्या, शेती उत्पन्नावर आयकरच नाही. नोकरी असेल आणि नवी कररचना घेतली असेल तरी सवलत नाही. जुन्या रचनेत अशा खासगी संस्थेला दिलेल्या रकमेच्या ५० टक्के वजावट, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. एक लाख दिलेत आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून १०,४०० रुपये वाचतात. रोख २,००० च्या वर दिलं तर काही नाही, वस्तू दिली तरी नाही. संस्थेने देणगीदारांची माहिती ३१ मेपर्यंत आयकर खात्याला ऑनलाइन भरली तरच तुमचं प्रमाणपत्र निघतं, हाती फाडलेल्या पावतीवर भागत नाही. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, ते सी.ए.कडून बघून घ्या. एवढ्या दहा हजारांसाठी चांगली पण ८०-जी नसलेली संस्था मात्र वगळू नका.

भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या, खात्यातून आलेली त्याची स्वतःची बचत विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जातात. छोट्या संस्थांकडे हे बहुतेक नसतं. तुमच्या खात्यावर मागवून पुढे देण्याचा विचार असेल तर आधी सी.ए.ला विचारा. संस्थेला अडचणीत आणू नका.

आता वाटणी. आईच्या नावे कायम ठेव ठेवून व्याजातून बक्षीस, असा विचार घरात असेल तर हिशेब करा: एका लाखाचे वर्षाला काही हजारच, आणि ते वाढत नाहीत. दहा वर्षांनी त्यात एका मुलीचा गणवेश आणि वह्याही कदाचित बसणार नाहीत. मी तुमच्या जागी असं करायला सांगेन: जिल्हा परिषद शाळेला १५ हजार, टाकी-पाइपच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक बघून. गोशाळेला घरच्यांची इच्छा असेल तर एक ट्रॉली कुटार. उरलेले निवासी शाळेला, पण एकदम नाही. जूनमध्ये २५ हजार द्या, पोळ्याच्या आधी जाऊन वही आणि बिलं बघा, पटलं तर तेवढेच पुन्हा. अशी दोन पावसाळी वर्षं निघतील. पहिल्या २५ हजारांचा हिशेब मागितल्यावर संस्था कशी वागते, त्यातून पुढचं कळेल. वेळ लागला तर थांबा, दोन माणसांत सगळं चालवतात ते. चिडले तर पुढचा हप्ता थांबवा.

चेकसोबत साध्या कागदावर पत्र द्या आणि एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. मजकूर एवढाच: 'आमच्या आईच्या स्मरणार्थ रुपये २५,०००, चेक क्रमांक अमुक. ही रक्कम मुलांची औषधं, गाद्यांची कव्हरं आणि जून ते सप्टेंबरचा किराणा यांसाठी वापरावी. इमारत, कार्यक्रम किंवा सत्कारासाठी वापरू नये. सप्टेंबरअखेर बिलांच्या छायाप्रती द्याव्यात.' कायम ठेवच करायची असेल तर 'मूळ निधीसाठी' हे शब्द पत्रात हवेतच, नाहीतर ती रक्कम चालू उत्पन्नात धरली जाते.

यवतमाळला जाल तेव्हा गोशाळा आणि निवासी शाळा या दोन्ही संस्थांचे नोंदणी क्रमांक एका कागदावर लिहून न्या. क्रमांक लेटरहेडवरून नीट उतरवा, 'एफ'च्या जागी 'ई' लिहिलं तर उतारा दुसऱ्याच संस्थेचा निघतो आणि पुन्हा खेप पडते. जिल्हा परिषद शाळेसाठी तिकडे जायची गरज नाही, गावातच समितीच्या बैठकीला जा.